विजेवर चालणारा सुपरचार्जर: घाट चढणाऱ्या साध्या गाडीला त्याचा खरोखर उपयोग होतो का?

घाटवळण (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१२ सालची, १,२०० सीसी पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक आहे. इंजिन साधे आहे, टर्बो (एक्झॉस्टच्या म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र) नाही. आम्ही पुण्यात राहतो आणि माझी सासुरवाडी पाचगणीला असल्यामुळे महिन्या-दीड महिन्यातून एकदा पसरणीचा घाट चढावाच लागतो. चार माणसे, डिकीत सामान आणि एसी चालू, एवढे जमले की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकते, दुसरा टाकला की इंजिन नुसते ओरडते, आणि मागची एसटी आरशात मोठी मोठी होत जाते. पूर्वी एवढा त्रास होत नव्हता असे वाटते, पण गाडीबरोबर माझेही वय वाढलेले असल्यामुळे आठवणीवर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

गेल्या आठवड्यात एका संकेतस्थळावर साडेचार हजार रुपयांचा ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ पाहिला. एअर फिल्टरकडून येणाऱ्या नळीत तो बसवायचा, बारा व्होल्टच्या दोन तारा जोडायच्या, की ताकद ३० टक्क्यांनी वाढते, असा विक्रेत्याचा दावा आहे. एरवी मी हसून पुढे गेलो असतो, परंतु आउडीसारखी कंपनीही विजेवर चालणारा कॉम्प्रेसर आपल्या इंजिनाला लावते, असे वाचनात आले. तत्त्व एकच असेल, तर फरक फक्त किमतीचा आहे की आणखी कशाचा? कोणी प्रत्यक्ष वापरून पाहिला आहे का?

वाफाळता_चहा (सोमवार, रात्री ९:५८)

साडेचार हजारांत तीस टक्के, म्हणजे टक्क्याला दीडशे रुपये पडले. याच भावाने शंभर टक्के घेतल्यास घाऊक सवलत मिळते का, हे विक्रेत्याला विचारून पाहावे.

नवखा_चालक (सोमवार, रात्री १०:१२)

मी शीर्षक वाचून विजेच्या गाड्या भरण्याच्या केंद्रांविषयी चर्चा असेल म्हणून आलो होतो. मुंबईत बीकेसीला टेस्लाने उभारलेल्या केंद्रालाही सुपरचार्जरच म्हणतात ना?

दाबमापक (सोमवार, रात्री १०:२०)

म्हणतात, पण त्याचा या विषयाशी संबंध नाही. टेस्लाचा सुपरचार्जर बॅटरीत वीज भरतो आणि इथला सुपरचार्जर इंजिनात हवा भरतो. हवा भरणारा वयाने बराच वडील आहे. मर्सिडीजच्या गाड्यांवर तो १९२१ पासून दिसतो. नाव मात्र धाकट्याने पळवले.

जुना_फिटर (मंगळवार, सकाळी ७:०५)

घाटवळण, हा पंखा मी बसवलेला आहे, आणि तो मोजलेलाही आहे. माझे गॅरेज होते तेव्हाची गोष्ट आहे. एक तरुण गिऱ्हाईक परदेशातून मागवलेला असा पंखा घेऊन आला आणि ‘काका, एवढा बसवून द्या’ म्हणून हट्टाला पेटला. मी म्हटले, बसवून देतो, पण आधी मोजू.

मोजायला आमच्याकडे प्रयोगशाळा कुठली! शेजारी बांधकाम चालू होते, तिथल्या गवंड्याकडून लेव्हल पाइप मागून आणला. तोच, दोन भिंतींवर एका पातळीच्या खुणा करायला वापरतात तो पारदर्शक पाइप. त्यात नीळ घातलेले पाणी भरले, पाइप इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवून एका फळीवर तारेने बांधला आणि फळीवर सेंटिमीटरची पट्टी चिकटवली. पाइपाचे एक तोंड मोकळे ठेवले आणि दुसरे पंखा व थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्यामधल्या नळीला भोक पाडून तिथे बसवले.

इंजिन बंद ठेवून पंखा सुरू केला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या पाण्यात चार सेंटिमीटरचा फरक पडला. गिऱ्हाईक खूश झाले. मग फळी गाडीत घेतली, पाइप खिडकीतून आत आणला, माझा पुतण्या ती फळी मांडीवर उभी धरून बसला आणि आम्ही खंबाटकी घाटात गेलो. पंखा चालू आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला असताना पाणी उलट्या बाजूला गेले, तेही तब्बल बारा सेंटिमीटर. म्हणजे पंखा हवा ढकलत नव्हता; इंजिनच त्याच्या पात्यांमधून हवा ओढून घेत होते आणि तो मध्ये आडवा उभा होता. खाली येऊन पंखा काढला, सरळ नळी लावली आणि तोच चढ त्याच गिअरमध्ये पुन्हा चढलो, तेव्हा फरक सातच सेंटिमीटर आला. तात्पर्य, पंख्याने गाडीचा श्वास आखडला. गिऱ्हाइकाचे म्हणणे मात्र असे की पिकअप सुधारल्यासारखा ‘वाटतो’. पंख्याचा आवाज झकास होता, हे मीही मान्य करतो.

दाबमापक (मंगळवार, सकाळी ८:३०)

जुना_फिटर काका, तुमच्या फळीला दंडवत. तुमचे चार सेंटिमीटर नेमके किती क्षुल्लक आहेत, ते सांगतो. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १० मीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्यात चार सेंटिमीटरची भर म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. टर्बो किंवा सुपरचार्जरचा माफक दाब ०.४ बार धरला, तर तुमच्या पाइपातले पाणी चार मीटर चढायला हवे होते. पुतण्याला फळी घेऊन माडीवर बसावे लागले असते.

आता मुख्य गणित मांडतो. १.२ लिटरचे फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा आत घेते. ६,००० आरपीएमला हे प्रमाण सेकंदाला ६० लिटर होते. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत हे लक्षात घेतले तरी सुमारे ५० लिटर, आणि वजनात साधारण ६० ग्रॅम. त्यावर ०.४ बार दाब चढवून ती हवा इंटरकूलरमधून गार करून दिली, तर सेकंदाला ८० ग्रॅम हवा दाबावी लागते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरल्यास या कामाला जवळपास ३.८ किलोवॅट लागतात, आणि मोटर व तिचे नियंत्रक यांतली गळती मिळवली तर बॅटरीकडून सुमारे ४.४ किलोवॅट घ्यावे लागतात. बारा व्होल्टवर हा प्रवाह साडेतीनशे अँपिअरच्या पुढे जातो.

ही रक्कम किती मोठी आहे, ते पाहा. छोट्या गाडीचा अल्टरनेटर ७० ते ९० अँपिअरचा असतो, आणि त्यातला बराच भाग दिवे, रेडिएटरचा पंखा, एसीचा ब्लोअर आणि इंजिनाच्या स्वतःच्या गरजा खाऊन टाकतात. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर सहा मिनिटे पुरेल. प्रत्यक्षात त्याच्या खूप आधी व्होल्टेज इतके पडेल की इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयूच, मान टाकेल. जाहिरातीतल्या पंख्याच्या तारा जर मोबाइलच्या चार्जरएवढ्या जाड असतील, तर तो ५० वॅटच्या आसपासचा पंखा आहे. लागणारी शक्ती ४,४०० वॅट आणि मिळणारी ५०. घाटवळण, तुमच्या प्रश्नातला फरक किमतीचा नाही. तो शून्यांचा आहे.

विरोधी_सूर (मंगळवार, दुपारी १:१५)

स्वस्त पंखा ही फसवणूक आहे, याबद्दल वाद नाही. परंतु एका वाईट वस्तूवरून कल्पनाच मोडीत काढणे मला पटत नाही. दाबमापक यांनी शक्तीचे गणित मांडले, ऊर्जेचे मांडले नाही. ओव्हरटेक करताना दाब हवा असतो तो दहा सेकंद. ४.४ किलोवॅट दहा सेकंद वापरले तर खर्च होतो सुमारे १२ वॅट-अवर. ड्रोनमध्ये वापरतात तशा, झटक्यात भरपूर प्रवाह देणाऱ्या लिथियम सेलचा एक छोटा संच एवढे काम सहज करील, आणि पुढच्या दहा मिनिटांत अल्टरनेटर तो संच पुन्हा भरून देईल. म्हणजे बारा व्होल्टच्या मूळ बॅटरीला हात न लावता वेगळा संच, खरी वेगवान मोटर आणि खरा सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसर वापरला, तर हे व्यवहार्य का नाही?

दाबमापक (मंगळवार, दुपारी २:०२)

तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मांडायला हवा होता. दहा सेकंदांसाठी ऊर्जा हा अडथळा नाही. परंतु मूळ प्रश्न घाटाचा आहे आणि घाट दहा सेकंदांत संपत नाही. वीस मिनिटे सलग ४.४ किलोवॅट म्हणजे जवळपास दीड युनिट वीज, आणि एवढी बॅटरी म्हणजे डिकीतले सामान घरी ठेवणे आले.

आणि हवा आत गेली म्हणजे काम झाले असेही नाही. तिच्या प्रमाणात पेट्रोल द्यावे लागते. साध्या इंजिनातला दाब मोजणारा सेन्सर बहुधा वातावरणाच्या दाबाच्या थोडासाच पुढे वाचू शकतो. त्यापलीकडे ईसीयू आंधळा होतो आणि जुन्याच अंदाजाने इंधन देतो. मिश्रण पातळ पडते. हवा दाबताना तिचे तापमान ४५-५० अंशांनी वाढते, आणि त्यात अशा इंजिनाचे कॉम्प्रेशन आधीच दहा-अकरास एक. मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनला भोक पडायला घाटाचे एक वळण पुरते. तेव्हा किटच्या किमतीत ईसीयूचे ट्यूनिंग, मोठे इंजेक्टर आणि इंटरकूलर धरावेच लागतात. एवढा खर्च बारा वर्षांहून जुन्या हॅचबॅकवर करण्याऐवजी कारखान्यातून टर्बो लागून आलेली जुनी गाडी घेणे शहाणपणाचे ठरेल.

नेकारकाठ (मंगळवार, संध्याकाळी ६:४५)

मी स्टुटगार्टजवळ राहतो आणि वाहन-उद्योगातच नोकरी करतो. आउडीचे उदाहरण आले आहे म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो, कारण त्यातच धाग्याच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

ती गाडी म्हणजे २०१६ ची एसक्यू७ टीडीआय. तिच्या चार लिटर व्ही-८ डिझेल इंजिनाला आधीच दोन टर्बो आहेत. विजेचा कॉम्प्रेसर त्यांच्या जागी नव्हे, तर त्यांच्या मदतीला आहे. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर, आणि आरपीएम कमी असताना एक्झॉस्टच पुरेसा नसतो. म्हणून ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बो जागा होईपर्यंत गाडी क्षणभर विचार करते. तेवढा क्षण भरून काढायचे काम या कॉम्प्रेसरचे. तो पाव सेकंदाच्या आत ७०,००० आरपीएमपर्यंत पोहोचतो. हवेच्या वाटेवर तो इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या अगदी तोंडाशी बसवलेला आहे आणि त्याला वळसा घालणारी बायपास झडप आहे. टर्बोंनी जोर धरला की झडप उघडते, हवा वळशाने जाते आणि कॉम्प्रेसर बाजूला होतो. जुना_फिटर काकांच्या फळीवर जे बारा सेंटिमीटर दिसले, ते होऊ नये म्हणूनच ही झडप असते.

या कॉम्प्रेसरला सात किलोवॅट लागतात, आणि तेवढे बारा व्होल्टवर देणे अशक्य असल्यामुळे त्या गाडीत ४८ व्होल्टची स्वतंत्र यंत्रणा आणि लिथियम-आयन बॅटरी घातली गेली. व्हॅलिओ या फ्रेंच कंपनीने बनवलेले ते यंत्र मोठ्या नारळाएवढे दिसते, पण त्याच्यासाठी गाडीची अर्धी वीज-यंत्रणा नव्याने आखावी लागली. फळ असे की ९०० न्यूटन-मीटरचा टॉर्क १,००० आरपीएमपासूनच मिळतो, म्हणजे इंजिन जेमतेम आयडलिंगच्या वर असताना. पाठोपाठ २०१७ मध्ये मर्सिडीजनेही आपल्या नव्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर ४८ व्होल्टचा असाच साहाय्यक कॉम्प्रेसर लावला.

आता गंमत पाहा. २०२० मध्ये एसक्यू७ चे डिझेल इंजिन जाऊन तिथे पेट्रोल व्ही-८ आले, आणि त्यात विजेचा कॉम्प्रेसर नाही.

विरोधी_सूर (मंगळवार, संध्याकाळी ७:३०)

मग ही कल्पना कंपन्यांनीच सोडून दिली, असे म्हणायचे का?

नेकारकाठ (मंगळवार, रात्री ८:१०)

सोडलेली नाही, जागा बदलली आहे. वेगळा कॉम्प्रेसर ठेवण्यापेक्षा मोटर थेट टर्बोच्या दांड्यावरच बसवण्याकडे कल आहे. मर्सिडीजच्या एएमजी या वेगवान गाड्यांच्या शाखेच्या चार सिलिंडरच्या इंजिनात २०२२ पासून अशी मोटर आहे. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये बसवलेली ती मोटर जेमतेम चार सेंटिमीटर जाड आहे. २०२४ च्या पोर्शे ९११ कॅरेरा जीटीएसमध्ये दोन टर्बोंच्या जागी एकच विजेचा टर्बो आला. तो गरजेच्या वेळी वीज घेतो आणि एक्झॉस्टचा जोर जास्त झाला की उलट ११ किलोवॅटपर्यंत वीज तयार करतो. नुसत्या कॉम्प्रेसरला हे जमत नाही, तो फक्त खातो. या गाडीची बॅटरी १.९ युनिटची आहे. दाबमापक यांनी पसरणीच्या घाटासाठी काढलेल्या दीड युनिटाशी ताडून पाहा.

वाफाळता_चहा (मंगळवार, रात्री ८:२५)

म्हणजे घाटवळण यांना फक्त पोर्शे घ्यायची आहे. साडेचार हजार बयाणा म्हणून द्यावेत.

वेगवेडा (मंगळवार, रात्री ९:००)

नेकारकाठ यांनी सांगितलेली रचना फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून होती. तिथे तिला एमजीयू-एच म्हणत. टर्बोच्या दांड्यावरची ती मोटर सव्वा लाख आरपीएमपर्यंत फिरत असे. अफाट खर्चिक आणि किचकट असल्यामुळे २०२६ च्या नियमांत ती काढून टाकली. दुचाकीवाले मात्र उलट दिशेने निघाले आहेत. होंडाने २०२४ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात तीन सिलिंडरचे व्ही आकाराचे इंजिन दाखवले, त्याला विजेवर चालणारा कॉम्प्रेसर आहे. पुढच्या वर्षी त्याच इंजिनाची ९०० सीसीची नमुना-दुचाकी दाखवली आणि तिची कामगिरी १,२०० सीसीच्या तोडीची असल्याचे सांगितले. मोटारसायकलवर टर्बोला आणि त्याच्या उष्णतेला जागा नसते. विजेचा कॉम्प्रेसर मात्र एक्झॉस्टपासून दूर, पाहिजे तिथे ठेवता येतो. ही सोय मला महत्त्वाची वाटते.

स्थितप्रज्ञ_अभियंता (बुधवार, सकाळी ९:४०)

एक मूलभूत शंका आहे. ४८ व्होल्टची बॅटरी आणि मोटर गाडीत आणायचीच आहे, तर ती हवा दाबण्यात कशाला घालवायची? तीच मोटर क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला) जोडून चाकांना सरळ जोर द्यावा. ना उष्णता, ना इंटरकूलर, ना ठोकण्याची भीती. मर्सिडीजच्या ज्या इंजिनाचा उल्लेख वर आला, त्याच्यावर अशी मोटरही आहेच आणि ती २५० न्यूटन-मीटर देते. मग कॉम्प्रेसर ही चैनच नव्हे का?

दाबमापक (बुधवार, सकाळी १०:३०)

प्रश्न मार्मिक आहे, पण उत्तर तितके सरळ नाही. चाकांना ४.४ किलोवॅट दिले तर चाकांवर जास्तीत जास्त ४.४ किलोवॅटच मिळतात. तेच ४.४ किलोवॅट हवा दाबण्यात घातले आणि हवेच्या प्रमाणात इंधन दिले, तर ६० किलोवॅटचे इंजिन ७८-८० किलोवॅटच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे विजेची एक पै इंधनाच्या चार पै खेचून आणते. या हिशेबात कॉम्प्रेसरचे पारडे जड आहे, आणि त्याचे आकर्षण आहे ते याचसाठी.

मात्र हा हिशेब थोडा वेळ चालण्यापुरताच खरा आहे. सतत दाब हवा असेल तर ती वीज अखेर अल्टरनेटरनेच बनवायची, आणि इंजिनाची शक्ती आधी विजेत आणि विजेची पुन्हा फिरण्यात बदलताना जवळपास निम्मी वाटेतच सांडते. त्यापेक्षा इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा जुना यांत्रिक सुपरचार्जर सरळ पडतो. टर्बो तर त्याहून हुशार, कारण तो नळकांड्यातून वाया जाणाऱ्या ऊर्जेवर चालतो. विजेच्या कॉम्प्रेसरकडे एकच गुण असा आहे जो या दोघांकडे नाही: त्याला इंजिनाच्या वेगाशी देणेघेणे नसते. इंजिन ९०० आरपीएमला असतानाही तो पूर्ण जोराने फिरू शकतो. ज्याला हा एवढाच गुण हवा आहे त्याने तो घ्यावा.

स्थितप्रज्ञ_अभियंता (बुधवार, सकाळी ११:०५)

हिशेब मान्य, निष्कर्ष पूर्ण मान्य नाही. इंधनाच्या चार पै आपण फुकटात धरत आहात. क्रँकशाफ्टवरची मोटर ब्रेक लावताना वीज परत मिळवते आणि शहरातले पेट्रोल वाचवते; कॉम्प्रेसर पेट्रोल वाचवतो तो मोठ्या इंजिनाऐवजी छोटे बसवले तरच. आधीच छोट्या असलेल्या इंजिनावर तो बसवला, तर खर्च वाढण्याखेरीज काय होणार?

लडाखवारी (बुधवार, दुपारी ३:२०)

उंचीचा मुद्दा कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. समुद्रसपाटीवरून महाबळेश्वरला गेले की हवेची घनता १२-१३ टक्क्यांनी कमी होते, आणि साध्या इंजिनाची ताकदही जवळजवळ त्याच प्रमाणात उतरते. मी साध्या पेट्रोल गाडीने तांगलांग ला ओलांडली आहे. उंची सुमारे ५,३०० मीटर, तिथे हवेचा दाब जवळजवळ निम्मा. पहिल्या गिअरमध्ये, एसी बंद ठेवून, मित्राला खाली उतरवून चालायला लावले आणि गाडी वर नेली. त्याच वळणावर टर्बो डिझेलवाले शांतपणे आमच्या शेजारून पुढे गेले. एका मित्राने तर काच खाली करून ‘काही आणायचे आहे का वरून’ असे विचारले.

हवा दाबून देण्याच्या युक्तीचा पाया मुळात उंचीनेच पक्का केला. १९१८ मध्ये अमेरिकेत लिबर्टी या विमानाच्या इंजिनावर टर्बो बसवून त्याची परीक्षा घ्यायची होती, तेव्हा ते इंजिन थेट कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, १४,००० फुटांच्या वर नेऊन चालवले होते. विरळ हवेतही टर्बोने इंजिनाची समुद्रसपाटीची ताकद परत मिळवून दिली. तेव्हा घाटवळण यांचे दुखणे खरे आहे. औषध तेवढे चुकीच्या दुकानात मिळते.

कागदोपत्री (बुधवार, संध्याकाळी ५:५०)

कायद्याची बाजूही ध्यानात असू द्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. शिवाय विमा कंपनीला न कळवता इंजिनाशी छेडछाड केली आणि पुढे वायरिंग जळाले, तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न त्या दोन तारांविषयीच विचारला जाईल. एकाच्या गाडीत फ्यूज न घालता जोडलेल्या धुक्यातल्या दिव्यांवरून असा वाद झालेला मी जवळून पाहिला आहे.

जुना_फिटर (बुधवार, रात्री ८:४०)

घाटवळण, एवढी चर्चा झाली, पण ‘पूर्वी एवढा त्रास होत नव्हता’ या तुमच्या वाक्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. तुमच्या गाडीला ताकद वाढवून हवी आहे की गेलेली परत हवी आहे, हे आधी ठरवा. आता फळी लागत नाही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचे छोटे यंत्र कोणाकडून तरी आणा आणि मोबाइलवर मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब पाहा. वाईत इंजिन सुरू न करता किल्ली फिरवून जो आकडा दिसेल, तो बाहेरच्या हवेचा दाब. मग घाट सुरू होतो तिथेच दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ४,५०० आरपीएमला दाब किती ते बघा. दोन-तीन किलोपास्कलचा फरक चालतो. त्याहून जास्त आला तर हवेच्या वाटेत काहीतरी अडकले आहे. आकडा तुम्ही पाहू नका, शेजारी बसलेल्याला पाहू द्या.

घाटवळण (रविवार, रात्री १०:१५)

सर्वांचे आभार. उशिरा लिहितो आहे, कारण काकांनी सांगितलेले करूनच लिहायचे ठरवले होते.

शेजाऱ्यांकडून यंत्र आणले आणि शुक्रवारी संध्याकाळी निघालो. वाईला किल्ली फिरवल्यावर आकडा ९३ किलोपास्कल दिसला. घाटाच्या सुरुवातीला दुसऱ्या गिअरमध्ये, ४,५०० आरपीएमला, सौभाग्यवतींनी मोबाइलवरचा आकडा मोठ्याने वाचला: ८५. आठ किलोपास्कलचा फरक. मेव्हण्याच्या ओळखीच्या गॅरेजात शनिवारी सकाळी एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर राखाडी झाला होता ते अपेक्षितच होते, पण त्याच्या खाली, हवा आत येते त्या नळीच्या तोंडाशी, बॉनेटखालच्या फोमचे तुकडे, वाळलेली पाने आणि आमच्याच सोसायटीच्या झाडूच्या काड्या यांचे व्यवस्थित विणलेले घरटे निघाले. उंदीर घरी नव्हता. मेकॅनिकने थ्रॉटल बॉडीही साफ केली. तिच्यावर काजळीचा थर होता.

आज परतताना गाडी वाईपर्यंत उतरवली आणि मुद्दाम वळवून घाटाच्या त्याच टप्प्यावर पुन्हा वर घेतली. किल्लीला ९३, आणि चढावर ९०. म्हणजे पाच किलोपास्कल परत मिळाले. गाडी तिसऱ्यात घाट चढते असे म्हणणार नाही, पण दुसऱ्यात ती आता ओरडण्याऐवजी चालते.

दाबमापक (रविवार, रात्री १०:३५)

काकांच्या फळीवरचे चार सेंटिमीटर म्हणजे ०.४ किलोपास्कल. तुम्हाला पाच मिळाले. त्या पंख्याच्या भाषेत बोलायचे तर तुम्ही एकापुढे एक असे बारा सुपरचार्जर बसवले आहेत. खर्च किती आला?

घाटवळण (रविवार, रात्री १०:४१)

फिल्टर आणि मजुरी मिळून नऊशे साठ रुपये. मेव्हण्याने घेऊ दिले नाहीत.

वाफाळता_चहा (रविवार, रात्री १०:५०)

घरटे जपून ठेवा. त्याला दोन तारा लावून साडेचार हजारांना विकता येईल.

जुना_फिटर (सोमवार, सकाळी ६:५५)

विकण्याआधी नळीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी लावून घ्या. पण जाळीची भोके फार बारीक नकोत, नाहीतर पुन्हा तेच आठ किलोपास्कल. आणि जाळी बसवल्यावर एकदा मोजा.